घरच्या माणसाची स्लाइड

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून पॅथॉलॉजीचा विभाग होता. त्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे तोफ म्हणायचे. तिला ते माहीत होतं. "निदान फुसका बार तरी म्हणत नाहीत," असं म्हणून ती पुन्हा कुणावर तरी उडायची.

तिचं तोंड एकाही रुग्णानं कधी पाहिलं नव्हतं. लोकांना वाटतं, गाठ काढली की ती कुठल्याशा मशीनमध्ये टाकतात आणि दुसऱ्या बाजूनं रिपोर्ट बाहेर पडतो. मशीनबिशीन काही नाही. गाठीचे काप करायचे, ते मेणात बसवायचे, मेणाच्या वडीवरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पापुद्रे काढून काचेवर चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग एका माणसानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. ते माणूस म्हणजे तोफ. गाठ साधी आहे की कॅन्सरची, कॅन्सरची असेल तर कुठल्या प्रकारची, सुस्त आहे की चवताळलेली, शेजारच्या रक्तवाहिन्यांत घुसली आहे का, हे सगळं ती ठरवायची. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर त्यावरून औषध ठरवायचे. आणि रुग्णाला आणखी किती वर्षं धरायची याचा अंदाजही त्यावरूनच बांधायचे.

एवढं सगळं ज्या मांसाच्या तुकड्यावर अवलंबून, तो तुकडा लोक कसा पाठवायचे? तोफेच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. सुटकेसमध्ये शेवटचा टॉवेल कोंबावा तशी मुठीएवढी गाठ इवल्याशा बरणीत कोंबलेली, वरून चार चमचे फॉर्मलीन. फॉर्मलीन म्हणजे तुकडा सडू नये म्हणून घालतात ते उग्र वासाचं पाणी. ते अंगानं भारी आळशी. आख्ख्या गाठीच्या पोटात शिरायला त्याला दिवसच्या दिवस लागतात, आणि तोवर गाठ आतून सडत जाते. म्हणून बरणी ऐसपैस हवी, पाणी भरपूर हवं आणि गाठीला लगेच दोनचार काप देऊन ती उघडून ठेवायला हवी. यात न कळण्यासारखं काय आहे? पण ऑपरेशन थिएटरमध्ये दर सहा महिन्यांनी नवी माणसं यायची आणि दर सहा महिन्यांनी तोफ नव्यानं सांगायची, म्हणजे ओरडायची. सलग सुट्ट्या लागून आल्या की आदल्या दिवशी ती स्वतः जिना चढून वर जायची, एकेक बरणी उजेडात धरायची आणि सर्जनसकट सगळ्यांना धारेवर धरायची. लोक कंटाळायचे. पण ती येऊन गेली की बरण्या शहाण्यासारख्या वागायच्या, हेही खरं.

तिच्या मागे घरचं माणूस म्हणावं तर एकच, तिची धाकटी बहीण. धाकटी मोटार शिकवायची. तिच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारीही एक ब्रेक होता आणि त्या ब्रेकवर तिचा पाय. शहरातल्या अर्ध्या बायका तिच्या शिव्या खात गाडी चालवायला शिकल्या होत्या. "आरशात बघ, स्वतःकडे नको, मागच्या ट्रककडे," असं ती खेकसायची, आणि त्याच बायका नंतर आपल्या मुलींना तिच्याकडेच पाठवायच्या. दोघी बहिणी एकाच मुशीतल्या. एकीला गाडी येत नव्हती, दुसरीला रक्त बघवत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

धाकटीच्या स्तनात गाठ निघाली. आधी सुई घालून तिचा दोऱ्यासारखा बारीक तुकडा काढला, तो कॅन्सरचाच निघाला, आणि ऑपरेशन ठरलं. ते नेमकं सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी आलं. सकाळी धाकटी खाटेवर पाय हलवत बसली होती. तिनं ताईचा हात धरला.

"ताई, एक ऐकशील?"

"काय?"

"आज इथे आरडाओरडा करू नकोस. आज डॉक्टर होऊ नकोस. नुसती बहीण हो. बाहेर त्या बाकावर बस आणि काळजी कर."

तोफेनं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं म्हणा ना. दिवसभर ती नातेवाइकांच्या बाकावर बसली, इतरांसारखीच दाराकडे बघत, पिशवी मांडीवर घेऊन. ऑपरेशन चांगलं झालं. धाकटी शुद्धीवर आली, तिनं पाणी मागितलं, आणि तोफ तिच्या उशाशी रडली. वर थिएटरमध्ये बरण्या बघायला त्या दिवशी कुणी गेलं नाही.

पॅथॉलॉजीत एक जुना रिवाज आहे: घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही. मायेनं नजर फिरते. म्हणून धाकटीची गाठ तोफेनं आपल्या सहकाऱ्याकडे सोपवली. त्याला विभागात मवाळ म्हणत. गोड माणूस. कुणाला दुखवायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. त्यानं रिपोर्ट झटपट दिला. तोफेनं तो उभ्या उभ्या वाचला आणि ती खुर्चीत बसली.

स्तनाच्या कॅन्सरच्या पुष्कळशा गाठी शरीरातल्याच हार्मोनवर पोसतात. तशी गाठ असेल तर एका खास रंगाच्या तपासणीत तिच्या पेशी तपकिरी होतात. मग रोज एक गोळी घेऊन त्या कॅन्सरची रसद तोडता येते आणि अशा बाया बहुतेक वेळा पुष्कळ जगतात. धाकटीची गाठ तपकिरी झाली नव्हती. कुठल्याच तपासणीत रंगली नव्हती. म्हणजे हा अडेलतट्टू प्रकार, ज्याला गोळी लागू पडत नाही. कडक औषधं शिरेतून द्यायची, आणि मग पहिली काही वर्षं श्वास रोखून बसायचं, कारण हा परत यायचा तर तेवढ्यातच येतो.

एरवी मवाळच्या कुठल्याही रिपोर्टवर तोफ स्लाइड मागवून घ्यायची, त्याला उलटसुलट प्रश्न विचारायची. या रिपोर्टची स्लाइड तिनं मागवली नाही. रिवाज आहे म्हणाली. रिवाज कसला, तिच्यात धीर नव्हता. जगाच्या गाठी सोलणारी बाई बहिणीच्या गाठीसमोर शेपूट घालून बसली, आणि त्याला तिनं तत्त्वाचं नाव दिलं.

कडक औषधं सुरू झाली. धाकटीचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. त्याबद्दल ती विनोद करायची. मग तळपाय बधिर व्हायला लागले आणि विनोद थांबले. त्या औषधांनी कधीकधी हातापायांच्या नसा मरतात. "चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही," ती एकदा फोनवर म्हणाली. तोफ म्हणाली, "होईल हळूहळू कमी." तिला तसं खात्रीनं ठाऊक नव्हतं.

औषधांची शेवटची फेरी झाल्यावर थोड्याच दिवसांत धाकटी हट्टानं गाडीत शिकवायला बसली. शिकाऊ मुलगी वळणावर गोंधळली. धाकटीनं ब्रेक दाबला. म्हणजे तिला वाटलं दाबला. पाय ब्रेकच्या शेजारी नुसत्या पत्र्यावर होता आणि तिला ते कळलंच नाही. गाडी एका दुकानाच्या बंद शटरवर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही, शटरला पोचा आला. धाकटीनं तिथूनच ताईला फोन केला आणि तोफ रिक्षा करून धावली.

शिकाऊ मुलगी घरी गेली होती. धाकटी गाडीत तशीच बसून होती. तोफ चालकाच्या जागेवर बसली, धाकटीच्या शेजारी दुसरी जागाच नव्हती.

"गाडी विकतेय," धाकटी म्हणाली. "शाळा बंद. ज्या पायाला ब्रेक कळत नाही त्या पायाच्या भरवशावर लोकांच्या पोरी घेऊन हिंडायचं नाही."

"घाई करू नकोस."

"घाई मला नाही, त्या गाठीला आहे. सर्जन म्हणाले आता द्यायला काही उरलं नाही, फक्त वाट बघायची. तू सांग, किती?"

"किती काय?"

"वेड पांघरू नकोस. किती वर्षं?"

तोफ भडकली. "असं कुणाला सांगता येत नाही! शंभर बायका घेतल्या तर त्यांतल्या किती राहतात एवढंच सांगता येतं. ते घोळक्याचं गणित असतं. त्या घोळक्यात तू कुठे उभी आहेस ते मला कसं दिसणार?"

"तुला दिसत नाही तर कुणाला दिसणार? तू पाहिलीस ना माझी गाठ?"

तोफेनं काचेतून पोचा आलेल्या शटरकडे पाहिलं.

"ताई. पाहिलीस ना?"

"घरच्यांची बघत नाहीत. तसा रिवाज आहे."

धाकटीचा आवाज चढला, इतका की फुटपाथवरचे दोघे थांबले. "जगातल्या सगळ्या बायकांच्या बघतेस! सख्ख्या बहिणीची तेवढी बघवत नाही? माझं डोकं भादरलं, माझे पाय गेले, आणि तू स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलंही नाहीस की कशासाठी? उतर. उतर माझ्या गाडीतून."

तोफ उतरली. तिथून ती चालत, मनातल्या मनात भांडत, थेट विभागात गेली. रागात असली की तिला काम सुचायचं. तिनं धाकटीच्या सगळ्या स्लाइड कपाटातून काढायला लावल्या आणि पहिली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

पहिल्यांदा नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग. गाठ तिच्या डोळ्यांपुढे पसरली आणि तोफेच्या भुवया आक्रसल्या. ही चवताळलेली गाठ नव्हतीच. पेशी शिस्तीत, नळ्या नीट घडलेल्या, वाढ संथ. अडेलतट्टू प्रकार असा दिसत नाही. क्वचित दिसतो, पण तो दिसला तर माणसानं थबकायला हवं. मग तिनं हार्मोनच्या तपासणीची स्लाइड लावली. गाठ फिकट निळी, रिपोर्टमध्ये म्हटल्याप्रमाणेच. तिनं स्लाइड कडेला सरकवली, जिथे गाठ संपून चांगला भाग सुरू होत होता. तिथल्या चांगल्या दूधनळ्या कुठल्याही बाईच्या थोड्यातरी तपकिरी व्हायलाच हव्यात. त्याही निळ्या होत्या.

याचा अर्थ सरळ होता. गाठीत हार्मोन पकडणाऱ्या जागा नव्हत्या असं नाही, तपासणीच फसली होती. तुकडा नीट मुरलाच नव्हता. म्हणजे सुट्ट्यांचे सगळे दिवस भोवतालच्या भागासकट आख्खी गाठ, एकही काप न देता, छोट्या बरणीत पडून होती आणि आतून सडली होती; पेशींचा आकार ओळखू येत होता, पण तपकिरी रंग पकडणारं काही उरलं नव्हतं.

तिनं मवाळला बोलावलं.

"ही कड पाहिली होतीस?"

त्यानं डोळा लावला.

"नाही पाहिली," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही ताटकळत होता. तुम्हाला आणखी थांबवू नये म्हणून मी... मला वाटलं, लवकर दिलेलं बरं."

"माझी दया आली तुला."

"हो."

"तुझ्या दयेनं तिचे पाय खाल्ले." तोफ एवढं हळू बोलली की मवाळचा चेहरा पांढरा पडला. ओरडली असती तर त्याला परवडलं असतं.

पण तिचं तिलाही कळत होतं की सगळं खापर याच्या डोक्यावर फोडून चालणार नाही. थिएटरवाल्यांनी बरणी कोंबली, मवाळनं कड पाहिली नाही, आणि जिला या दोन्ही गोष्टींवर ओरडायचा पगार मिळत होता ती बाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

सुईनं काढलेला तो पहिला बारीक तुकडा मेणाच्या वडीत शाबूत होता. बारीक तुकड्यात फॉर्मलीन चटकन शिरतं, तो सडत नाही. त्यावर हार्मोनची तपासणी कुणी केलीच नव्हती, कारण मोठी गाठ तर येणारच आहे, तिच्यावर करू, असं ठरलं होतं. तोफेनं त्या वडीचे पापुद्रे काढायला लावले, रंगवायला लावले. स्लाइड आली. चांगल्या नळ्या तपकिरी. गाठही तपकिरी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गडद.

म्हणजे धाकटीला गोळी लागू पडत होती. म्हणजे धाकटी त्या भीतीच्या घोळक्यातली नव्हतीच, ती पुष्कळ वर्षं जगणाऱ्या बायकांमधली होती. आणि अशी लहान, संथ, कुठे न पसरलेली गाठ असेल तर ती कडक औषधं बहुतेक लागलीच नसती. तोफेला एका वेळी हसूही यायला लागलं आणि समोरचं सगळं टेबल उलथावंसंही वाटायला लागलं.

रुग्णालयाच्या वरिष्ठांनी तिला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. "झालं ते वाईट झालं," ते म्हणाले. "पण लिहिताना जपून लिहा. पुनर्तपासणीत निष्कर्षात बदल आढळला, एवढं पुरे. शेवटी तुमच्याच घरचं प्रकरण आहे."

"माझ्या घरचं आहे म्हणूनच मूग गिळून बसले होते," तोफ म्हणाली. "परिणाम बघितलात. आता मी लिहिणार, पहिली तपासणी चुकीची होती, का चुकली आणि कुणाकुणामुळे. माझं नाव त्यात असेल. तुम्हाला सही नको असेल तर करू नका."

तिनं तसंच लिहिलं. मग ती बहिणीकडे गेली.

धाकटी स्वयंपाकघरात बसली होती, पाय कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून. पाणी कोमट आहे हे तिला हातानं बघावं लागलं होतं. तोफ समोर बसली आणि तिनं काही न लपवता सगळं सांगितलं: बरणी, कड, सुईचा तुकडा. रोज एक गोळी, पाच वर्षं, कदाचित जास्त. कॅन्सर परत येण्याची शक्यता फार कमी.

"म्हणजे मी जगणार," धाकटी म्हणाली.

"शंभरातल्या बहुतेक सगळ्या जगतात. तू त्यांच्यात आहेस."

"आणि ती औषधं? ज्यांनी पाय गेले?"

"बहुतेक लागली नसती."

"पाय परत येतील?"

"थोडे येतील. सगळे येतील असं मी म्हणणार नाही."

धाकटीनं बादलीतले पाय वर काढले, पुसले, आणि टॉवेल हातातच ठेवला. "तू त्या दिवशी वर जाऊन बरणी पाहिली असतीस तर?"

"तर हे झालं नसतं." मग तिला राहवलं नाही. स्वभाव कुठे जातो. "पण तूच म्हणालीस ना, आज डॉक्टर होऊ नकोस, बहीण हो."

"बहीण हो म्हणाले होते," धाकटी म्हणाली. "आंधळी हो नव्हते म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशीचं जाऊ दे, ते माझ्यावर घेते मी. पण नंतर? रिपोर्ट हातात आल्यावर? किती महिने होते तुझ्याकडे! मी ओकत होते, तू माझं डोकं धरत होतीस, आणि स्लाइड खाली कपाटात होती."

तिनं टॉवेल बादलीच्या काठावर टाकला.

"गोळ्यांची चिठ्ठी ठेव इथे आणि जा," धाकटी म्हणाली. "मी घेईन गोळ्या. तुझ्यासाठी नाही. आणि माझ्याशी बोलायला येऊ नकोस. मी घेतली की नाही या काळजीनं तू तिथे लोकांना फाडून खाशील, म्हणून रोज फोन करेन. तेवढंच."

गाडी विकली गेली. धाकटी आता एका मोठ्या मोटार-शाळेत फळ्यासमोर उभी राहून नियम शिकवायची. खुर्चीवर बसून शिकवलं तरी चालेल असं त्यांनी सांगितलं होतं, पण ती ऐकणार थोडीच. आणि रोज सकाळी तोफेचा फोन वाजायचा. तोफ "हॅलो" म्हणायच्या आत पलीकडून एक शब्द यायचा: "घेतली." मग फोन बंद. विभागात सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. तो फोन येईपर्यंत बाईंच्या समोर स्लाइड ठेवायची नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं.

असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. धाकटीच्या डोक्यावर कुरळे केस आले, पूर्वी ते सरळ होते. पायाच्या बोटांना थोडं कळायला लागलं, टाचांना नाही. हे सगळं तोफेला सर्जनकडून कळायचं, फोनवरून नाही. तपासण्या स्वच्छ येत होत्या. त्या ती आता रिवाज बाजूला ठेवून स्वतः बघायची, एकदा नाही, तीनतीनदा.

एका सकाळी फोन आला. "घेतली."

"ठेवू नकोस," तोफ घाईघाईनं म्हणाली. "ऐक. एकच विचारते."

पलीकडे फोन बंद झाला नाही.

"अजून रागावली आहेस?"

"हो."

"किती दिवस रागावणार आहेस तू?"

धाकटीच्या मागे कुठेतरी वर्गातल्या खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता.

"माझी किती वर्षं आहेत म्हणालीस?"

"पुष्कळ," तोफ म्हणाली. "पुष्कळ आहेत."

"मग तेवढी," धाकटी म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.